घरची सायकल, घरचाच पान्हा

शहरातील कोणत्याही गृहसंकुलाच्या वाहनतळावर सकाळच्या वेळी एक फेरी मारली, तर मोटारींच्या मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सायकली दृष्टीस पडतात. एखादी मुलाला दहावीत चांगले गुण मिळाले म्हणून घेतलेली असते, एखादी वडिलांच्या मधुमेहाचे निदान झाल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने आलेली असते. सीटवर धुळीचा थर, चेनवर तांबूस गंज आणि दोन्ही चाके जमिनीला बसलेली. यांपैकी पुष्कळशा सायकली नादुरुस्त नसतात. त्यांच्यात केवळ हवा नसते. हवा नाही म्हणून सायकल बाहेर निघत नाही, बाहेर निघत नाही म्हणून तेल पडत नाही, आणि तेल न पडल्याने पुढच्या पावसाळ्यात चेन आखडते. दोन वर्षांनी धाकट्या मुलासाठी सायकल हवी असते, तेव्हा ही जुनी भंगारात जाते आणि दुकानातून नवी येते.

व्यापारी कुटुंबात हे घडावे, याचे खरे तर आश्चर्य वाटावयास हवे. ज्या पेढीवर रात्री रोजमेळ जुळल्यावाचून दिवा मालवत नाहीत, जेथे तराजूकाटा ठरावीक मुदतीने पडताळून घेतला जातो आणि गोदामातील पोते न् पोते उलटेपालटे करून पाहिले जाते, त्याच घरातील दहा-पंधरा हजारांची वस्तू केवळ फुटकळ देखभालीअभावी निकामी होते. हिशेबाच्या भाषेत बोलावयाचे तर किरकोळ महसुली खर्च टाळल्यामुळे भांडवली खर्च पुन्हा करावा लागतो. घसारा प्रत्येक मालमत्तेला आहेच. परंतु वापरल्याने होणारा घसारा आणि न वापरता, न पाहता होणारा घसारा यांत मोठे अंतर आहे. सायकलीच्या बाबतीत दुसरा अधिक वेगाने होतो.

यास आणखी एक बाजू आहे. अपरिग्रहाचा विचार आपल्याकडे बहुधा ‘किती ठेवावे’ या एकाच अंगाने होतो. जे ठेवले त्याची निगा राखणे, ते उपयोगात आणणे किंवा उपयोग नसेल तर गरजूस देणे, हाही त्याच विचाराचा भाग मानावयास हवा. श्वेतांबर परंपरेतील साधु-साध्वी आपली वस्त्रे आणि पात्रे दिवसातून दोन वेळा उलगडून, न्याहाळून घेतात. त्यास पडिलेहण म्हणतात. दिगंबर मुनी पिंछीने परिमार्जन केल्याशिवाय कमंडलू वा शास्त्र उचलीत अथवा ठेवीत नाहीत. वस्तू घेण्या-ठेवण्यातील या दक्षतेला आदान-निक्षेपण समिती असे नाव आहे. श्रावकाकडून एवढ्या सूक्ष्मतेची अपेक्षा नाही, हे खरे. पण आठवड्यातून एकदा आपल्या मुलाची सायकल नीट पाहणे काही कठीण नाही.

‘हे काम आपले नव्हे, मेकॅनिकचे’ ही समजूत मात्र आड येते. हाताला काळे लागणाऱ्या कामाविषयी पेढीवरच्या मंडळींच्या मनात थोडासा संकोच असतो, तो बोलून दाखविला जात नाही इतकेच. या संदर्भात महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरील एक इतिहास आठवण्याजोगा आहे. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्याच साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. मुलाची तीनचाकी धक्के खाते म्हणून त्याने केलेल्या खटपटीतून तो टायर जन्मला होता. बेळगावच्या त्या सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला प्रवास पुढे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी येथपर्यंत पोहोचला. कुंभोज येथे जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील काही काळ याच किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यावर त्यांनी ‘कमवा आणि शिका’ या सूत्राने विद्यार्थ्यांच्या हातात पुस्तकाबरोबर कुदळही दिली. हाताला काळे लागल्याने कुणाची प्रतिष्ठा कमी होत नाही, हे दाखविण्यासाठी आपल्याला परक्या उदाहरणांची गरज नाही.

शिवाय पूर्वीची सोय आता राहिलेली नाही. एके काळी पुण्याची ओळखच सायकलींचे शहर अशी होती. पेठापेठांत तासावर भाड्याने सायकली मिळत आणि त्या दुकानांतच पंक्चर निघे. आज कोपऱ्यावरचा पंक्चरवाला प्रामुख्याने दुचाकी आणि मोटारींचे काम करतो. सायकल नेली तर तो नाही म्हणत नाही, पण ‘ठेवून जा’ म्हणतो, आणि ठेवलेली सायकल दोन दिवस तशीच राहते. म्हणून पहिल्या पायरीचे काम घरात येणे सोयीचे झाले आहे. पेठेच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळचा अर्धा तास त्यास पुरतो.

साहित्य थोडे लागते. दाब दाखविणारा पायाने दाबून धरावयाचा उभा पंप, ॲलन कीचा एक संच (त्यातील ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या चाव्याच अधिक लागतात), १५ मिलिमीटरचा पान्हा, टायर उचलण्याच्या दोन-तीन प्लास्टिकच्या पट्ट्या, पंक्चरचे पॅच, सोल्युशन आणि पॉलिश पेपर, तेलाची लहान बाटली, जुने सुती धोतर किंवा बनियन आणि टाकून दिलेला दात घासण्याचा ब्रश. बाजारात चाळीस अवजारांची आकर्षक पेटी मिळते. नवशिक्याने तिच्या मोहात पडू नये. त्यातील तीस अवजारे कधीही बाहेर निघत नाहीत.

आरंभ हवेपासून करावा. टायरच्या कडेवर उठावदार अक्षरांत दाबाची मर्यादा छापलेली असते. डोंगरी धाटणीच्या रुंद टायरवर ती साधारणपणे ४० ते ६५ पीएसआय अशी आढळते. अंगठ्याने टायर दाबून अंदाज करण्याची पद्धत सर्वत्र रूढ असली तरी ती फसवी आहे, कारण जाड टायर अर्ध्या हवेवरही कडक लागतो. रबरातून हवा सावकाश झिरपतच असते. त्यामुळे काही बिघाड नसतानाही दर आठ-पंधरा दिवसांनी हवा भरावीच लागते. कमी हवेवर चालविलेल्या सायकलीची ट्यूब खड्ड्याच्या धारेवर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली, की दोष काट्याचा नसून आपल्या आळसाचा आहे असे समजावे. जुन्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते. ती चिरली तरी हवा उतरते आणि पंक्चर समजून उगाच ट्यूब बाहेर काढली जाते. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. बुडबुडा आला तर नळी बदलावी, ती काही रुपयांना मिळते. पेट्रोल पंपावरील हवेचा जोर सायकलीच्या लहान ट्यूबला फार होतो, तेव्हा तो मोह टाळलेला बरा.

यानंतर ब्रेक. शिकण्याच्या क्रमात हवा पहिली असली, तरी महत्त्वाच्या क्रमात ब्रेकच पहिला. घरातील मूल रहदारीच्या रस्त्यावर जाते, तेव्हा त्याच्या आणि अपघाताच्या मध्ये रबराचे चार लहान ठोकळे असतात, आणि ते कुणी वर्षानुवर्षे पाहिलेले नसतात. तपासणी अगदी सोपी आहे. सायकलीशेजारी उभे राहून पुढचा ब्रेक दाबावा आणि सायकल पुढे ढकलावी; मागचे चाक उचलले गेले तर ब्रेक धरतो आहे. मागचा ब्रेक दाबून ढकलल्यावर मागचे चाक फिरता कामा नये, ते घसटत यावे. ब्रेकची दांडी पूर्ण दाबल्यावरही तिच्यात आणि हँडलमध्ये दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. दांडी हँडलला टेकत असेल, तर तार ढिली झाली आहे. दांडीजवळ, जेथे तार आत शिरते तेथे, हाताने फिरविता येणारा एक लहान स्क्रू असतो. तो उलट फिरवून बाहेर काढला की तार ताणली जाते आणि रबरे रिमच्या जवळ येतात. नवशिक्याला या एका स्क्रूची ओळख झाली, तरी निम्मे काम झाले.

रबर रिमवरच टेकले पाहिजे. ते किंचित वर सरकून टायरला घासत असेल तर काही आठवड्यांत टायरची कड कापली जाते आणि ट्यूब भर रस्त्यात आवाज करून फुटते. रबरावरील खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर जोडी बदलावी. तारेचा एक पदर जरी तुटून बाहेर डोकावत असेल, तरी ‘अजून चालेल’ म्हणू नये. रिमवर तेलाचा थेंब पडू देऊ नये, आणि डिस्क ब्रेक असेल तर त्या चकतीला तेलकट बोटही लावू नये. त्याच वेळी चाकाचे नट हाताशी धरून पाहावेत. पुढचे चाक जमिनीपासून उचलून वरून हाताने थोपटले असता ते जागचे हलता कामा नये.

चेनला तेल घालणे सर्वांना ठाऊक असते आणि बहुतेकांकडून चुकते. मुबलक तेल घातले की चेन ‘मऊ’ चालते हा समज आहे. प्रत्यक्षात बाहेर राहिलेल्या तेलात धूळ बसते, तिची घासणारी लुकटी होते आणि ती चेन व दाते दोन्ही खाते. आधी कोरड्या फडक्यात चेन धरून पॅडल उलटे फिरवावे, काळेपणा निघेल तेवढा काढावा. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब सोडावा, थोडा वेळ मुरू द्यावे आणि स्वच्छ फडक्याने बाहेरचे सर्व तेल पुसून टाकावे. घातलेले तेल पुसून टाकणे व्यापारी मनाला अपव्यय वाटेल. पण काम आत मुरलेले तेल करते. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल वापरू नये, ते कालांतराने चिकट होऊन बसते. शिवणयंत्राचे तेल पातळ असल्याने लवकर उडते, तरी काहीच नसण्यापेक्षा बरे.

चेन झिजली की नाही हे घरातील फूटपट्टीने कळते, आणि मापात रस असलेल्या वाचकांना ही युक्ती आवडेल. चेनच्या दोन लगतच्या पिनांतील अंतर अर्धा इंच असते. म्हणून पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवले, तर ती पहिली धरून पंचविसावी पिन नेमकी १२ इंचांवर यावयास हवी. ती एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, पुढे गेली असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेनबरोबर दातेही गेले असे धरून चालावे. वेळेवर बदललेली चेन पुढील मोठा खर्च वाचविते.

आता पंक्चर. नवशिक्या याच कामाला सर्वांत अधिक बिचकतो. पुस्तकी पद्धतीत प्रथम चाक काढावयास सांगतात. रस्त्यावरचा पंक्चरवाला मात्र चाक काढीतच नाही. टायरची एक कड रिमबाहेर घेऊन तेवढ्यातून ट्यूब ओढतो. घरी, विशेषतः मागच्या चाकासाठी, हीच रीत उत्तम. उरलेली हवा काढून टाकावी, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूस एक पट्टी टायरखाली घालून ती स्पोकला अडकवावी, चार बोटे सोडून दुसरी घालावी, आणि कड सुटू लागली की हाताने पुढे न्यावी. स्वयंपाकघरातील चमचा किंवा स्क्रूड्रायव्हर वापरल्यास जुन्या भोकाशेजारी नवे भोक पडण्याचीच शक्यता अधिक. ट्यूबमध्ये हवा भरून प्रथम कानाशी व गालाशी फिरवावी. बहुधा फुसफुस तेथेच सापडते. नच सापडली तर परातीत थोडे गाळलेले पाणी घेऊन त्यात ट्यूब थोडी थोडी बुडवावी. बादली भरण्याचे कारण नाही. भोक पेनने खुणावून ठेवावे, ट्यूब पुसून पूर्ण कोरडी करावी, त्या जागी पॉलिश पेपर घासावा आणि पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्युशनचा पातळ हात द्यावा.

येथे थांबावे. घरी लावलेले पॅच निघून येतात ते बहुतांशी ओल्या सोल्युशनवर घाईने चिकटविल्यामुळे. पाचेक मिनिटे, बोटाला ओलेपणा लागत नाही तोपर्यंत, धीर धरावा आणि मग पॅच ठेवून अंगठ्याने मधून कडेकडे दाबीत न्यावा. या पाच मिनिटांत टायरचा आतला भाग फडक्याने सावकाश चाचपून घ्यावा. बाभळीचा काटा किंवा काचेचा कण तेथेच रुतून बसलेला असतो, आणि तो न काढता ट्यूब बसविली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम वाट्याला येते. टायरची कड परत बसविताना शेवटचा वीतभर भाग पट्टीने न ढकलता दोन्ही अंगठ्यांनी बसवावा, कारण पट्टी आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. पहिल्या खेपेस पाऊण तास लागतो. चौथ्या खेपेस वीस मिनिटांत काम होते.

जैन घरात सायकल स्वच्छ करताना आणखी काही गोष्टींकडे लक्ष दिले जाते, आणि समाधानाची बाब अशी की त्या यंत्राच्या दृष्टीनेही योग्य ठरतात. अनेक महिने उभ्या असलेल्या सायकलीच्या सीटखाली, मडगार्डच्या आत, हँडलच्या टोकाशी कोळी आणि मुंग्या वस्तीला असतात. म्हणून तिच्यावर एकदम पाण्याचा फवारा किंवा रॉकेल न मारता प्रथम मऊ कुंच्याने हलकेच झाडून घ्यावे आणि जीवांना निघून जाण्यास अवसर द्यावा. जोराचा फवारा चाकाच्या आतील छर्ऱ्यांपर्यंत पाणी पोहोचवितो आणि तेथील ग्रीस धुऊन काढतो. तेव्हा ओलसर फडके हेच सायकलीसाठीही हितकर. चेन धुतलेले रॉकेल मोरीत वा मातीत ओतू नये. काचेच्या झाकणाच्या बाटलीत, ज्वालेपासून दूर ठेवल्यास गाळ खाली बसतो आणि वरचे रॉकेल पुन्हा उपयोगी पडते. ग्रीसविषयी काही कुटुंबांत शंका असते, आणि ती अस्थानी नाही. जुन्या काळी ग्रीस करताना प्राण्यांची चरबी वापरली जाई. आज सर्वत्र मिळणाऱ्या लिथियम ग्रीसला घट्टपणा येतो तो बहुधा एरंडेलापासून तयार केलेल्या घटकामुळे. तरीही विक्रेत्याला विचारून घेण्यास हरकत नाही. जुन्या सायकलींना चामड्याची सीट असे. आता रेक्झिन किंवा फोमची सीट सहज मिळते आणि ती बदलणे एका पान्ह्याचे काम आहे.

सीट बदलताना उंचीही पाहून घ्यावी. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकली की पाय सरळ व्हावा. मुलांची उंची वर्षात दोनदा वाढते आणि सीट मात्र दुकानदाराने बसविली तेथेच राहते. मग गुडघे दुखतात आणि सायकल सुटते. सीटच्या नळीवर एक मर्यादेची खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेल इतकी नळी वर ओढू नये.

पॅडलविषयी एक गोष्ट न सांगता राहवत नाही. उजवे पॅडल सर्वसाधारण स्क्रूप्रमाणे घड्याळाच्या दिशेने आवळले जाते. डावे मात्र उलट दिशेने आवळले जाते, कारण त्याचे आटेच उलटे पाडलेले असतात. हे ठाऊक नसलेला माणूस डावे पॅडल सैल करण्यासाठी जितका जोर लावतो तितके ते घट्ट होते, आणि शेवटी क्रँकचे आटे जातात.

चाकात आऊट येणे, म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे लचकणे, हँडलच्या मानेत खडखड होणे, पॅडलच्या मधल्या आसात ढिलाई येणे आणि गिअर आपोआप उडणे ही कामे मात्र नवशिक्याने मेकॅनिककडेच न्यावीत. स्पोक आवळून आऊट काढणे ही वर्षांच्या हाताची कला आहे. एका स्पोकची नको तेवढी पीळ दुसऱ्या बाजूची रिम वाकविते. फरक इतकाच पडतो, की घरी पाहणी करणारा ग्राहक ‘काहीतरी आवाज येतो’ असे न सांगता ‘मागच्या चाकाला व्हॉल्व्हजवळ उजवीकडे आऊट आहे’ असे सांगतो. कारागीरही अशा ग्राहकाचे काम मन लावून करतो आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी, हे येथे वेगळे सांगावयास नको.

वेळापत्रकाची पाटी वाहनतळाच्या भिंतीवर लावण्याची गरज नाही. आठवड्याला हवा आणि ब्रेक, महिन्याला चेन, वर्षातून एकदा मेकॅनिककडे छर्रे उघडून ग्रीस भरणे, एवढे पुरेसे आहे. पावसाळ्यात मात्र चेन दर भिजण्यानंतर कोरडी पुसून तिला तेल द्यावे लागते. चातुर्मासात अनेक कुटुंबे प्रवासाची मर्यादा घालून घेतात आणि सायकल तेवढा काळ उभी राहते. अशा वेळी ती झाकण्यापूर्वी टायरमध्ये पूर्ण हवा भरावी, चेनला तेल देऊन पुसावी, ब्रेकच्या तारांच्या टोकांना एकेक थेंब द्यावा आणि आठवड्यातून एकदा चाके थोडी फिरवून ठेवावीत, म्हणजे टायरचा एकच भाग भाराखाली राहून चिरत नाही. हे काम घरातील मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे, आणि पान्हा व फडके त्यांना सहज सापडेल अशा जागी, चपलांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, ठेवावे.